निघून जाते, म्हणजे जाते कुठे?

गडचांदूरसारख्या गावी राहणाऱ्या शाळामास्तराने समुद्राची काळजी करावी, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. समुद्र आमच्यापासून शेकडो कोस दूर. माझ्या वर्गातल्या मुलांपैकी ज्यांनी समुद्र डोळ्यांनी पाहिला आहे ती एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. मी स्वतः तो पाहिला तेव्हा माझे वय एकतीस होते. तरीही दोन कारणांनी या विषयावर बोलण्याचा हक्क मला आहे असे मी समजतो. ज्या चुनखडीच्या खडकावर आमचे गाव उभे आहे तो खडक कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून झालेला आहे. आमच्या मुलुखातले सिमेंटचे कारखाने त्या जुन्या समुद्राचा गाळच भाजून विकतात. आणि दुसरे असे की, आमच्याकडे जमिनीवर सांडलेले पाणी ओढ्याने नदीला, वर्धेने प्राणहितेला, प्राणहितेने गोदावरीला आणि गोदावरीने बंगालच्या उपसागराला नेऊन दिले जाते. समुद्र आमच्यापासून दूर असला तरी आम्ही समुद्रापासून दूर नाही.

परंतु या लेखाचे खरे कारण वेगळे आहे. ते कारण म्हणजे माझ्या आईने विचारलेला एक प्रश्न.

काही वर्षांपूर्वी आईच्या डोक्यात गाठ असल्याची शंका निघाली. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी नागपूरला जाऊन एम.आर.आय. काढायला सांगितले. नागपूरच्या एका केंद्रात तिला त्या भोंग्यासारख्या यंत्रात घातले, मध्येच बाहेर काढून दंडाच्या शिरेत एक औषध टोचले, आणि पुन्हा आत घातले. गाठ स्पष्ट दिसली, पुढे शस्त्रक्रिया झाली, आणि आज आई अंगणात बसून तूर निवडते आहे. त्या औषधाचा मी ऋणी आहे, हे प्रथमच सांगून टाकतो. कारण पुढचे वाचून कोणी मला वैद्यकाचा वैरी ठरवू नये.

यंत्रावरचा मुलगा मोठा गोड बोलत होता. तो म्हणाला, “आजी, आता घरी जाईपर्यंत पाणी भरपूर प्या. औषध सगळं लघवीवाटे निघून जाते.”

आईने विचारले, “निंगून जाते, म्हंजे जाते कुठी रे बापू?”

तो हसला. मीही हसलो. आईसुद्धा आपलेच काही चुकले असे समजून हसली. संध्याकाळी एस.टी.ने परतताना राजुऱ्याच्या पुलावर तिने नेहमीप्रमाणे कपाळाला हात लावून वर्धेच्या पात्रात खिडकीतून एक रुपया टाकला. तेव्हा मला काही सुचले नाही. पण पुढे कित्येक रात्री तो प्रश्न माझ्या उशाशी येऊन बसत असे. जाते, म्हणजे जाते कुठे? मी मॅट्रिकपलीकडे शिकलेलो नाही. तरीही मिळाले ते वाचले, जाणत्यांना विचारले, आणि ध्यानात आले की आम्ही ज्या प्रश्नाला हसलो तो प्रश्न जगातल्या फार थोड्या रुग्णालयांनी स्वतःला विचारला आहे.

आईला टोचलेल्या औषधात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. दुर्मिळ मृदा म्हणून जे मूलद्रव्यांचे कुटुंब ओळखले जाते त्यातला हा एक. त्याच्या अणूत एकेकटे फिरणारे सात इलेक्ट्रॉन असतात, आणि त्यामुळे तो आजूबाजूच्या पाण्याच्या चुंबकीय वर्तनात असा फरक पाडतो की एरवी करड्यात करडी दिसणारी गाठ चित्रात उजळून निघते. गुण मोठा आहे. पण मोकळे गॅडोलिनियम शरीराला विषारी असते. त्याचा आकार कॅल्शियमच्या आकाराशी इतका मिळताजुळता आहे की कॅल्शियमसाठी उघडणाऱ्या दारांत तो जाऊन अडकतो. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याला एका सेंद्रिय रेणूच्या पिंजऱ्यात कोंडले. पिंजऱ्यातला वाघ पाहता येतो, त्याच्यापासून भय नसते. १९८८ साली असे पहिले औषध बाजारात आले, आणि तेव्हापासून जगभर कोट्यवधी माणसांना ते टोचले गेले.

साठ किलो वजनाच्या माणसाला नेहमीच्या मात्रेत जवळजवळ एक ग्रॅम गॅडोलिनियम दिले जाते. म्हणजे हजार रुग्णांमागे सुमारे एक किलो. मूत्रपिंडे धडधाकट असतील तर दीड तासाच्या आसपास निम्मे औषध रक्तातून उतरते, आणि चोवीस तासांत नव्वद टक्क्यांहून अधिक लघवीवाटे बाहेर पडते. पिंजरा मोडलेला नसतो. जसे आत गेले तसेच बाहेर आले. माझ्या आईच्या वाट्याचा तो एक ग्रॅम थोडा नागपूरला राहिला, थोडा वाटेतल्या बसस्थानकांवर, आणि उरलेला गडचांदूरला आमच्या घरामागे.

आता नागपूरचा तेवढा भाग घेऊ. नागपूरचे मैलापाणी नाग नदीत, नाग नदी कन्हानेत, कन्हान वैनगंगेत, आणि वैनगंगा गोसीखुर्दच्या धरणात. तेथून सुटलेले पाणी गडचिरोलीच्या कडेकडेने वाहत चपराळ्याजवळ वर्धेला भेटते आणि प्राणहिता होते. सिरोंच्याला ती गोदावरीत मिळते. आणि गोदावरी राजमहेंद्रीवरून, धवळेश्वरमच्या बंधाऱ्यावरून समुद्रापर्यंत जाते. आईने पुलावरून टाकलेला रुपया पुलाखालच्या वाळूत रुतून बसला असेल. औषध मात्र थांबणाऱ्यातले नाही.

वाटेत मैलापाणी शुद्ध करण्याची केंद्रे आहेत ना, असे कोणी विचारील. आहेत, पण त्या केंद्रांत काम जीवाणू करतात. मैल्यातले जे खाण्याजोगे असेल ते जीवाणू खातात आणि पाणी निवळते. हे औषध कोणाचेच खाद्य नाही. ते तसे असू नये म्हणूनच तर ते बनवले! शरीराने पचवू नये, यकृताने मोडू नये, रक्ताने बिघडवू नये, ही त्याच्या निर्मात्यांची अटच होती. जे माणसाच्या पोटाला पचत नाही ते मैलाकेंद्रातल्या जीवाणूला काय पचणार? घरोघरी ‘आर.ओ.’चे यंत्र असते त्याच्या पडद्याला ते अडते खरे. पण अडलेले पाणी आपण पुन्हा मोरीतच सोडतो.

ही कल्पनेची भरारी नाही. १९९६ साली मिशाएल बाऊ आणि पेटर डुल्स्की या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी बर्लिनच्या परिसरातल्या व इतर नद्यांच्या पाण्याचे पृथक्करण प्रसिद्ध केले. दुर्मिळ मृदांचे हे कुटुंब निसर्गात एकत्र नांदते. त्यांचे परस्परांशी प्रमाण ठरलेले असते. कवायतीच्या रांगेत सर्व मुले उंचीप्रमाणे उभी असावीत आणि मध्येच एक मुलगा बाकावर चढून उभा असावा, तसे गॅडोलिनियम त्या पाण्यात एकटेच डोके वर काढून उभे होते. ते निसर्गाने ठेवलेले नव्हते. रुग्णालयांचे होते. पुढे बर्लिनच्या नळाच्या पाण्यातही ते सापडले.

नदीच्या मुखाशी जे घडते ते तर ऐकण्यासारखे आहे. पावसाळ्यात गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो आणि गाळ खाली बसतो. नदी समुद्राला मिळते तेथे मीठ हीच तुरटी असते. नदीने आणलेले लोहाचे व मातीचे अतिसूक्ष्म कण खाऱ्या पाण्यात गोळा होऊन तळाशी बसतात, आणि त्यांना चिकटलेल्या नैसर्गिक दुर्मिळ मृदाही त्यांच्याबरोबर बसतात. खाडीमुख म्हणजे निसर्गाने बसवलेली चाळणीच. रुग्णालयातले गॅडोलिनियम मात्र पिंजऱ्यात असल्यामुळे कणांना चिकटत नाही. ते त्या चाळणीतून जसेच्या तसे पार होते. जर्मनीतल्या वेसर नदीच्या मुखाशी आणि पुढे उत्तर समुद्रात हे तपासून पाहिलेले आहे. २००७ साली ते प्रसिद्ध झाले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या दक्षिण भागात १९९३ ते २०१३ या वीस वर्षांत पाण्यातले गॅडोलिनियम सुमारे सातपट झाले.

समुद्रात पोचल्यावर काय? तेथे सूर्याचे अतिनील किरण काही पिंजऱ्यांना हळूहळू झिजवतात. पाण्यातले तांबे, जस्त, लोह हे धातू कमकुवत पिंजऱ्यातल्या गॅडोलिनियमला ढकलून स्वतः आत बसू पाहतात. पिंजरा जितका भक्कम तितका वाघ अधिक काळ आत आणि तितका तो अधिक दूर जाणार. येथेच या सगळ्या प्रकरणातली गोम आहे. २००६ साली असे उघडकीस आले की ज्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली आहेत अशा रुग्णांत या औषधानंतर कातडी लाकडासारखी कठीण होण्याचा एक भयंकर रोग होतो. तो मुख्यतः उघड्या बांधणीच्या पिंजऱ्यांमुळे होत होता. मग कडीबंद पिंजऱ्यांचा वापर वाढला, आणि २०१७ साली युरोपच्या औषधनियंत्रकांनी उघड्या बांधणीची बहुतेक औषधे मागे घेतली. रुग्णाच्या दृष्टीने हा निर्णय सर्वस्वी योग्य होता. पण त्याच निर्णयाने, माणसाला जे अधिक सुरक्षित तेच पाण्यात अधिक चिवट, असा पेच उभा राहिला. आपल्या गुणाचे ओझे आपण नदीच्या डोक्यावर दिले.

सी.टी. स्कॅनच्या औषधांची कथाही ऐका. त्यांत आयोडिन असते. एका तपासणीला शंभर मिलिलिटर औषध दिले तर त्यात तीस ग्रॅमच्या आसपास आयोडिन जाते. माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. हिशेब मी मुलांकडून फळ्यावर करून घेतला: तीस ग्रॅम म्हणजे एका माणसाची दोन लाख दिवसांची, म्हणजे सुमारे साडेपाचशे वर्षांची गरज! एका माणसाला साडेपाचशे वर्षे पुरेल इतके आयोडिन एका दुपारी शिरेतून आत जाते आणि दुसऱ्या दुपारपर्यंत संडासातून बाहेर पडते. समुद्राला आयोडिन परके नाही, हे खरे. परंतु समुद्राच्या वाटेवर माणसांची वस्ती आहे. नदीचे पाणी उचलून त्यात क्लोरीन मिसळून ते पाजणारी गावे आहेत. अशा औषधांपैकी आयोपामिडॉल हे पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यांच्या संगतीत क्लोरीनला भेटले की आयोडिनयुक्त विषारी संयुगे तयार होतात, हे २०११ साली अमेरिकेतल्या संशोधनाने दाखवून दिले. पाणी शुद्ध करताना आपण त्यात काय जन्माला घालतो आहोत, हे पाहण्याची वेळ आली आहे.

आता माझ्या विरोधकांकडे वळतो. ते सज्जन आहेत, शिकलेले आहेत आणि त्यांची उत्तरे तयार आहेत.

पहिले उत्तर: समुद्र मोठा आहे. या उत्तराचा मला सर्वांत अधिक राग येतो, कारण ते विज्ञानातून आलेले नसून आमच्या वाङ्मयातून आलेले आहे. आम्हा मराठी लेखकांनी समुद्राला दिलेली भूमिका ठरलेली आहे. तो अथांग असतो, तो उदार असतो, तो सर्व काही पोटात घालतो. अपराध पोटात घालणे हा आमच्या भाषेतला किती सोयीचा वाक्प्रचार! घालणारा आपण आणि पोट दुसऱ्याचे. मीही दोन कादंबऱ्यांत नदीला माय म्हटले आहे आणि त्याबद्दल टाळ्या घेतल्या आहेत. त्या दोन्ही कादंबऱ्यांत नदी कोठून कोठे जाते आणि काय घेऊन जाते याचा एक शब्द नाही. मायला मैला वाहायला लावून वर तिची ओवी गाणारे आपण! मुंबईचे बरेचसे मैलापाणी वरळी आणि वांद्रे येथून समुद्राच्या तळाखालच्या बोगद्यांनी तीन किलोमीटरांहून आत नेऊन सोडले जाते. देशातल्या कितीतरी मोठ्या रुग्णालयांचे हे शहर. त्याची बरीचशी लघवी त्याच वाटेने जाते. पण त्या किनाऱ्यावरच्या कवितेत अजून मावळता सूर्यच बुडतो आहे. आणि समुद्र मोठा असला तरी खाडी मोठी नसते. मासे अंडी घालतात ते खाडीत, कोळी जाळे टाकतो ते खाडीत. सातपट झाले ते एका उपसागरातच.

दुसरे उत्तर: अपाय सिद्ध झालेला नाही. हे मात्र प्रामाणिक उत्तर आहे आणि त्याला प्रामाणिकपणेच सामोरे गेले पाहिजे. नद्यांत आणि खाड्यांत आज सापडणारे प्रमाण अत्यल्प आहे. प्रयोगशाळेत ज्या मात्रेने जिवांना इजा झाली तिच्यापेक्षा ते फार कमी आहे. सागरी अर्चिन नावाच्या काटेरी जिवाच्या गर्भांना मोकळे गॅडोलिनियम दिले तेव्हा त्यांचा चुनखडीचा सांगाडा नीट वाढला नाही, असे २०१७ सालच्या एका प्रयोगात दिसले. पण ते गॅडोलिनियम मोकळे होते आणि मात्रा जास्त होती. नळाचे पाणी पिऊन कोणी मरेल असे मी म्हणत नाही. तसे म्हणून आजाऱ्यांना तपासणीपासून पळवून लावणाऱ्या भोंदूंच्या पंगतीला मला बसायचे नाही.

तथापि ‘सिद्ध झालेले नाही’ या वाक्याचा इतिहास मला ठाऊक आहे. १९३० च्या सुमारास थोरियमचे एक औषध क्ष-किरण चित्रांसाठी वापरात आले. चित्रे इतकी सुंदर येत आणि रुग्णाला तत्काळ काहीही होत नसे. ते औषध निघून जात नव्हते, एवढाच त्याचा दोष. ते यकृतात घर करून बसले. थोरियमचे अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षे. आणि वीस-तीस वर्षांनी त्या रुग्णांत यकृताचे कर्करोग निघाले. त्या अनुभवाने वैद्यक शिकले की औषध शरीरातून निघून गेले पाहिजे. फार मोलाचा धडा होता. पण तो अर्धाच शिकला गेला. शरीराच्या दारापर्यंत शास्त्र आले आणि दाराबाहेर पाऊल न टाकताच परतले.

आणि दाराबाहेर काय होऊ शकते हे आमच्या मुलुखाइतके कोणाला ठाऊक असणार? डायक्लोफेनॅक हे बैलाच्या दुखण्यावरचे स्वस्त, गुणकारी औषध. शेतकऱ्याचे भले करणारे. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे बंद पडली. पांढऱ्या पाठीची गिधाडे तर शंभरातली नव्व्याण्णव गेली, तेव्हा २००४ साली कारण सापडले आणि २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. गडचिरोलीच्या जंगलात वनखात्याला उरलेल्या गिधाडांसाठी निर्धोक मांसाची ‘उपाहारगृहे’ उघडावी लागली. गिधाडे मरेपर्यंत तेही ‘सिद्ध झालेले’ नव्हतेच. गॅडोलिनियमचे तसेच होईल असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की, आकाश रिकामे झाल्यावर सिद्ध होणाऱ्या गोष्टीची वाट पाहणारा समाज शहाणा नव्हे.

तिसरे उत्तर: गरीब देशाला हे चोचले परवडत नाहीत. या उत्तराला माझे उत्तर याच देशातले आहे. थायरॉइडच्या कर्करोगावर किरणोत्सारी आयोडिन देतात तेथे रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात, त्याचा संडास वेगळा असतो, आणि त्याची लघवी वेगळ्या टाक्यांत साठवून, तिचा किरणोत्सार ठरलेल्या मर्यादेखाली उतरल्यावरच गटारात सोडतात. अणुऊर्जा नियामक मंडळाचा तसा दंडक आहे आणि तो आपण पाळतो. त्या आयोडिनचे अर्धायुष्य आठ दिवसांचे. जे आठ दिवसांत निम्मे होते त्याला आपण टाकीत कोंडतो. आणि गॅडोलिनियम हा धातू, जो कधीच निम्मा होत नाही, त्याला मोकळा सोडतो! कारण उघड आहे. पहिल्याजवळ यंत्र नेले की ते टकटक वाजते. दुसऱ्याजवळ काही वाजत नाही. आमची सारी दक्षता कानाची आणि डोळ्याची आहे. गणपतीच्या प्लास्टरच्या मूर्ती दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर भग्न होऊन येतात म्हणून त्यांच्यावर दरवर्षी वाद होतो. औषध वितळून जाते म्हणून त्याच्यावर वाद होत नाही.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी रुग्णालयांच्या कचऱ्याला पिवळा, लाल, निळा असे रंग नेमून दिले आहेत. सुई कुठे, बोळा कुठे, बाटली कुठे, सर्व ठरलेले आहे. तपासणी होऊन घरी निघालेल्या माणसाच्या लघवीला त्यात रंग नाही. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक १०५०० हे २०१२ साली सुधारले. त्यात शिसे आहे, पारा आहे, आर्सेनिक आहे, फ्लोराइड आहे. आमच्या जिल्ह्यातल्या लोकांना फ्लोराइडचा अर्थ दातांवरून कळतो. गॅडोलिनियमसाठी त्यात रकाना नाही. शाळेत हजेरीपटावर ज्याचे नाव नाही तो मुलगा रोज आला तरी गैरहजरच असतो.

आणि चोचल्यांचेच बोलायचे तर हा धातू काही चिंचेच्या झाडाला लागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदांच्या निर्यातीवर नियंत्रण घातले, त्या सातांत गॅडोलिनियम आहे. ज्या वस्तूसाठी राष्ट्रे एकमेकांची दारे ठोठावत आहेत तीच वस्तू आपण हजार रुग्णांमागे किलोप्रमाणे संडासात ओतून वर साखळी ओढतो. श्रीमंतालाही हा शौक परवडू नये.

मग करायचे काय? नुसता आरडाओरडा करून थांबणारा लेख मला लिहायचा नाही. उपाय माहीत आहेत आणि ते साधे आहेत. जर्मनीत आणि नेदरलँड्समध्ये रुग्णांना लघवीच्या पिशव्या देऊन पाहिल्या आहेत. पिशवीत द्रव शोषून घट्ट करणारी पूड असते. ती घरच्या कचऱ्यात जाते आणि जाळली जाते. इटलीत मिलानजवळच्या एका रुग्णालयात तपासणीनंतर रुग्णाला तासभर थांबवून तेवढ्या वेळातली लघवी गोळा करण्याचा अभ्यास झाला. आमच्याकडे तर हे अधिक सोपे आहे. खेड्यातला रुग्ण अहवाल मिळेपर्यंत दोन-तीन तास केंद्राच्या ओट्यावर बसूनच असतो. आणि तीन तासांत धडधाकट मूत्रपिंडे तीन चतुर्थांश औषध रक्तातून काढून टाकतात. त्या केंद्राच्या आवारात एक वेगळी मुतारी बांधा, तिची नळी गटाराला न जोडता एका टाकीला जोडा, आणि त्या टाकीची विल्हेवाट रासायनिक कचऱ्याप्रमाणे लावा. कोट्यवधींच्या यंत्राशेजारी एक टाकी फार जड होऊ नये. बाटलीत उरलेले औषध मोरीत ओतू नका. एका ठिकाणी मी ते ओतताना स्वतः पाहिले आहे, आणि ओतणाऱ्याच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता, कारण त्याला कोणी काही सांगितलेलेच नव्हते. औषधाशिवाय भागत असेल तेथे औषध देऊ नका. आणि नाग, कन्हान, वर्धा, गोदावरी यांच्या पाण्याच्या अहवालांत एक रकाना वाढवा. मोजले म्हणजे निदान लाज तरी वाटते.

हे सारे डॉक्टरांनीच करावे, असेही मी म्हणत नाही. डॉक्टरांसमोर माणूस मरणाच्या दारात असतो. त्यांनी त्याच्याकडे पाहावे. पण जे निरोगी आहेत, ज्यांच्या हाती नियम आहेत, नगरपालिका आहेत, आणि आमच्यासारखे ज्यांच्या हाती नुसती लेखणी आहे, त्यांना कसली घाई आहे? त्यांनी तरी दाराबाहेर पाहायला हवे.

गेल्या आठवड्यात भूगोलाच्या तासाला मी मुलांना नकाशावर बोट ठेवून आमच्या नाल्यापासून समुद्रापर्यंत जायला लावले. एका ढिवराच्या मुलीने, तिचा बाप वर्धेत जाळे टाकतो, विचारले, “गुर्जी, मंग समुद्राच्या मोरं ते कुठी जाते?” वर्ग हसला. या वेळी मी हसलो नाही. मी तिला सांगितले, “समुद्राच्या पुढे जागा नाही, बाळ. नकाशा तिथेच संपतो.” आणि फळ्यावर तो तीस ग्रॅमचा हिशेब पुन्हा मांडायला घेतला.